डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला सीलिअ‍ॅक असेल का? तपासणीआधी पोळी बंद करावी का?

चिनूची_आई, पुणे | १२ जून

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचितच. आज मदत हवी आहे.

माझा मुलगा चिनू ९ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. हृदयातलं छिद्र तो दीड वर्षाचा असताना शस्त्रक्रिया करून बंद केलं. थायरॉइडची गोळी चौथ्या वर्षापासून चालू आहे. हे सगळं आता अंगवळणी पडलंय. काळजी आहे ती गेल्या वर्षभराची.

चौदा महिन्यांत त्याचं वजन जेमतेम ३०० ग्रॅम वाढलंय. सकाळी पोट ठीक असतं, संध्याकाळपर्यंत इतकं फुगतं की चड्डीचं इलास्टिक रुतून वळ उठतो. तीन-तीन दिवस शौचाला होत नाही. हिमोग्लोबिन ८.९ आहे, सहा महिने लोहाचं औषध देऊनही ९ च्या वर चढत नाही. शाळेतल्या बाई सांगतात, डबा खाल्ला की बाकावर डोकं टेकून पडून राहतो. गाणं लागलं की सगळ्यात आधी उठणारा मुलगा आहे हो हा. पोटात दुखलं तरी तो सांगत नाही. माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवतो आणि गप्प बसतो.

दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघंही म्हणाले, ‘या मुलांची वाढ कमीच असते, बद्धकोष्ठही असतंच.’ थेरपीच्या ठिकाणी भेटणाऱ्या एका आईने सीलिअ‍ॅकचं नाव काढलं. नेमकी तपासणी कोणती सांगायची? सासूबाईंचं म्हणणं, सुया टोचण्यापेक्षा आधी महिनाभर पोळी बंद करून बघू, फरक पडला तर कळेलच. हे बरोबर आहे का?

निंबोणी, नागपूर | १२ जून

चिनूची आई, पोळी बंद करू नका. आधी रक्त, मग बाकी सगळं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न तपासता इथून निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून मी तरी ही तपासणी आजच सांगितली असती. चिठ्ठीवर दोन नावं हवीत, टीटीजी-आयजीए (या आजारात रक्तात वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी चाचणी) आणि टोटल आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, तो रक्तात एकूण किती आहे ते). दुसरं नाव बऱ्याचदा राहून जातं. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी बनतं. अशांची पहिली चाचणी आजार असूनही निगेटिव्ह येते आणि सगळे निर्धास्त होतात. टोटल आयजीए कमी निघालं तर आयजीजी प्रकारच्या चाचण्या करायच्या असतात.

पोळी का सोडायची नाही? या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्यावर उठतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व त्यांच्यातूनच रक्तात जातं. ते झिजून सपाट होतात. म्हणून लोह दिलं तरी अंगी लागत नाही. गहू थांबवला की रक्तातली प्रतिपिंडं उतरू लागतात, आतडंही भरून येऊ लागतं. अशा वेळी तपासणी केली तर आजार असूनही सापडत नाही.

‘या मुलांचं असंच असतं’ याबद्दलही लिहिते. डाउनमध्ये उंची कमी असते, बद्धकोष्ठ असतं, थायरॉइडही बिघडतं, हे खरंच आहे. पण डाउन असलेल्या मुलांचे वाढीचे तक्ते वेगळे असतात. चिनूची रेघ त्या तक्त्यावर घसरली असेल तर ते डाउनच्या खात्यावर टाकता येत नाही. एरवी सीलिअ‍ॅक साधारण १०० माणसांत एकाला असतो. डाउन असलेल्यांत १०० मध्ये पाच-सहा जणांना सापडतो. एवढा फरक असताना डोक्यात पहिलं हेच यायला हवं.

रानवारा, नाशिक | १२ जून

निंबोणी +१. तुमच्या सासूबाई म्हणतात तेच आम्ही केलं होतं, म्हणून कळकळीने लिहितोय.

मुलगी सहा वर्षांची, डाउन. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून गहू बंद केला. महिन्याभरात पोट उतरलं, आम्ही खूश. चार महिन्यांनी रक्त तपासलं तर निगेटिव्ह. पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता पुन्हा रोज गहू खायला घाला आणि काही आठवड्यांनी परत तपासा. बऱ्या झालेल्या लेकराला मुद्दाम पोळी भरवायची! दुसऱ्या आठवड्यापासून ती पोळीचे तुकडे ताटाखाली सरकवायला लागली. ताट उचललं की खाली ओळीने पाच-सहा तुकडे. त्या पाच आठवड्यांत माझी बायको स्वयंपाकघरात उभी राहून रडायची.

शेवटी तपासणी पॉझिटिव्ह आली. पण ते पाच आठवडे टाळता आले असते.

काळी_माती, परभणी | १३ जून

मला वाटतं आपण घाबरवतोय. हा पंजाब-हरियाणाकडचा आजार. आमच्याकडे घरोघरी ज्वारी, कुणाकडे ऐकलाही नाही. दर फुगलेल्या पोटामागे परदेशी रोग का शोधायचा?

निंबोणी, नागपूर | १३ जून

@काळी_माती, अर्धं बरोबर आहे. भारतात झालेल्या पाहणीत उत्तरेकडे प्रमाण १०० मागे एकाच्या आसपास आणि दक्षिणेकडे त्याच्या कितीतरी खाली दिसलं. पण सीलिअ‍ॅकला गहू आणि विशिष्ट जनुकं दोन्ही लागतात, आणि आपल्याकडे दोन्ही आहेत. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही ती जनुकं. गहूही आता परभणीत नाही असं नाही. सकाळी बिस्कीट, डब्यात पोळी, संध्याकाळी टोस्ट, मुलांच्या पोटात दिवसभर गहूच असतो. ऐकलं नाही याचा अर्थ आजार नाही असा होत नाही, शोधला गेला नाही असाही होतो.

काळी_माती, परभणी | १३ जून

बिस्किटाचं पटलं. आमचा नातू भाकरी बघतसुद्धा नाही.

धुक्यातली_वाट, आइंडहोवन | १३ जून

मी जिथे राहतो त्या नेदरलँड्समधलीच ही गोष्ट आहे म्हणून सांगतो. आजाराचं वर्णन लंडनच्या डॉ. सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये केलं होतं, खाण्यातच याचा उपाय आहे हेही त्यांनी ओळखलं होतं. पण खाण्यातला नेमका कोणता पदार्थ, ते पुढे कित्येक वर्षं कळलं नाही. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात इथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेना. त्या काळात त्यांचे हे रुग्ण उलट सुधारलेले दिसले आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडले. त्यांनी त्यावर नीट प्रयोग केले आणि १९५० मध्ये उट्रेख्टला प्रबंध सादर केला. म्हणजे गव्हाचा हा संबंध सिद्ध होऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. आपल्या आज्यांना हे माहीत नसणं साहजिकच आहे.

चिनूची_आई, पुणे | १३ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना रानवारांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ताटाखालच्या तुकड्यांपाशी त्या थांबल्या, म्हणाल्या, ‘घे बाई, उद्याच रक्त घे.’ टोटल आयजीएचं डॉक्टरांकडून लिहून घेतलंय.

थोरली, सातारा | १४ जून

सगळे लहान मुलांबद्दल लिहीत आहेत, मला मोठ्यांबद्दल सांगायचंय.

माझ्या भावाला डाउन आहे, वय ३६. आई-वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला. दोन वर्षांपूर्वी त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं. रात्री उठून पलंगावर बसून राहायचा. देवळात घंटा वाजवायला रोज जायचा, ते सोडलं. दाखवलं तर सांगितलं, डाउन असलेल्यांना स्मृतिभ्रंश लवकर येतो, त्याचीच सुरुवात असेल. चाळिशी-पन्नाशीत तो येतो हे खरं आहे, ज्या २१ व्या गुणसूत्राची यांच्याकडे जास्तीची प्रत असते त्यावरच त्याच्याशी संबंधित एक जनुक आहे. आम्ही ते मान्य करून बसलो होतो.

मग तो अंगणात साधा घसरला आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो बघून विचारलं, याची हाडं या वयात इतकी विरळ कशी? त्यांनी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि सोबत टीटीजी करायला लावलं. टीटीजी भरमसाठ वाढलेलं निघालं, एंडोस्कोपीत आतडं सपाट दिसलं. किती वर्षं तो तसा होता कोण जाणे.

वर्ष झालं गहू बंद करून. सगळं परत आलं असं म्हणणार नाही, पूर्वीइतकं बोलत नाही. पण रात्री झोपतो, आणि पाच महिन्यांनी एका गुरुवारी आपणहून चपला घालून दारात उभा राहिला, घंटेसाठी. घरात डाउन असलेलं मोठं माणूस असेल आणि त्याचं वागणं बदललं, तर पोट, थायरॉइड, कान, दात सगळं तपासून घ्या. त्यांना सांगता येत नाही म्हणून आपण मनाशीच काहीतरी ठरवून टाकतो.

रानवारा, नाशिक | १४ जून

थोरली ताई, काय लिहू. चपलांचं वाचून डोळे भरले.

सदाफुली, ठाणे | १५ जून

मी वेगळं मत मांडते. माझा मुलगा ५ वर्षांचा आहे, डाउन. मी काही तपासलं नाही, पण इंटरनेटवर पालकांचे अनुभव बघून गहू आणि दूध दोन्ही आठ महिन्यांपूर्वी बंद केलं. त्याची एकाग्रता वाढली, नवीन शब्द आले. मग सगळ्याच मुलांचं बंद का करू नये? नुकसान तर नाही ना.

निंबोणी, नागपूर | १५ जून

सदाफुली, शब्द आले याचा आनंदच आहे. पण पाचव्या वर्षी थेरपी चालू असताना शब्द येतातही. गहू सोडल्याने डाउन असलेल्या मुलांचं बोलणं किंवा बुद्धी सुधारते याला पुरावा नाही. दूध पूर्ण बंद म्हणजे प्रथिनं आणि कॅल्शियमचा हुकमी स्रोत गेला, आणि यांच्या स्नायूंना आणि हाडांना त्याची गरज जास्तच. शिवाय आता त्याला खरोखर सीलिअ‍ॅक असला तरी रक्तात दिसणार नाही.

तुमच्यासाठी एक वाट आहे. वर म्हटलेल्या डीक्यू२-डीक्यू८ जनुकांची तपासणी होते, तिला खाण्यापिण्याशी देणंघेणं नाही. ती दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच आणि पुढेही होणार नाही, पोळी सुरू करा. एखादं असेल तर लगेच आजार आहे असं नव्हे, तिशी-चाळीस टक्के लोकांत ती असतात. तेव्हा पोटाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागेल.

सदाफुली, ठाणे | १५ जून

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जनुकांची तपासणी करून घेते. दूध आजपासूनच सुरू करते.

शिलेदार, संभाजीनगर | १६ जून

आमच्या मुलीची जनुकं तपासली, दोन्ही नाहीत. ती ११ वर्षांची आहे. हा विषय एकदाच कायमचा मिटला. दर दोन-तीन वर्षांनी टीटीजीसाठी सुई टोचायची, त्यापेक्षा हे बरं वाटलं.

पण काहीही त्रास नसलेल्या मुलालाही तपासायचं का, हा प्रश्न माझ्या मनात अजून आहे. आधीच या मुलांचे हात टोचून टोचून चाळणी झालेले असतात. आमची तर पांढरा कोट दिसला की टेबलाखाली शिरते.

पारिजात_फुलला, लेस्टर | १६ जून

इंग्लंडमध्ये २०१५ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत डाउन असलेल्यांची सीलिअ‍ॅक तपासणी करण्याचा ‘विचार करावा’ असं आहे. सक्ती नाही, पण आई-वडिलांनी विषय काढला तर डॉक्टर झटकत नाहीत. मुलाच्या वेळी मी तो कागद छापूनच नेला होता.

निंबोणी, नागपूर | १६ जून

शिलेदार, यावर तज्ज्ञांमध्येच दोन मतं आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, दर भेटीत लक्षणं विचारा आणि आढळली तर तपासा. युरोपातल्या पोटाच्या तज्ज्ञांचं मत, डाउन ही जोखीमच आहे, लक्षणं नसली तरी तपासा. मी दुसऱ्या बाजूची आहे. लक्षणं विचारा म्हणणं सोपं आहे, पण चिनू आईचा हात पोटावर ठेवतो, तेवढंच त्याचं सांगणं. ते आईने ओळखलं म्हणून आपल्याला कळलं. म्हणून मी थायरॉइडसाठी रक्त घेतानाच टीटीजीही लिहून देते, एकाच सुईत काम होतं. आणि डाउनमध्ये टीटीजी थोडंसं वाढून पुढे आपोआप उतरलेलंही दिसतं, तेव्हा जरा वाढलेल्या आकड्यावर घाईने जन्मभराचं पथ्य लावायचं नाही.

गूळपोळी, कोल्हापूर | १८ जून

एंडोस्कोपीची वेळ येणाऱ्यांसाठी. भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांना डाउनचं स्वतः सांगा, फाइलमध्ये लिहिलंय यावर राहू नका. या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके कधीकधी सैल असतात, मान फार मागे वाकवायची नसते. रात्री घोरतो का, श्वास अडतो का, तेही सांगा. हृदयाचा जुना अहवाल जवळ ठेवा.

आणि आतड्याचे तुकडे किती घेणार ते विचारा. आमच्या मुलाचा पहिल्या ठिकाणी एकच तुकडा घेतला, अहवाल आला ‘अनिर्णित’. सहा महिन्यांनी दुसरीकडे पुन्हा भूल, पुन्हा सगळं. तेव्हा कळलं की कमीत कमी चार घेतात आणि आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून वेगळा एक-दोन, कारण खराबी जागोजागी असते, सलग नसते.

चिनूची_आई, पुणे | २४ जून

अहवाल आला. टोटल आयजीए व्यवस्थित आहे. टीटीजी मर्यादेच्या बारा पट.

पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, दहा पटीच्या वर असेल तर मुलांमध्ये रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यावर ईएमए नावाची प्रतिपिंडांचीच आणखी एक चाचणी करतात, तीही पॉझिटिव्ह आली तर २०२० च्या युरोपीय सूचनांप्रमाणे बायोप्सीशिवाय निदान पक्कं धरता येतं. चिनूचं हृदय आणि भूल यांचा विचार करून आम्ही तेच ठरवलं. आज दुसरं रक्त दिलं. तोवर पोळी चालू ठेवायची आहे. तो खातोय, आणि प्रत्येक घास मला टोचतोय.

थोरली, सातारा | २४ जून

आणखी थोडेच दिवस, बाई. धीर धर.

चिनूची_आई, पुणे | ३ जुलै

ईएमए पॉझिटिव्ह. आजपासून गहू बंद. आता स्वयंपाकघराचं सांगा, काय काय काढू?

गूळपोळी, कोल्हापूर | ३ जुलै

आता माझा विषय आला! पोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव हे तुम्ही काढलंच असेल. लपलेलं सांगते.

हिंग. डबीवरचा मजकूर वाचा, बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. तांदळाच्या पिठाचा किंवा डिंकाचा मिळतो, तो आणा. मेतकुटात गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरांत गहू असतो. सातूच्या पिठात असतो. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. सोया सॉस गव्हाचा असतो. आणि खपली गहू! मला चार जणींनी सांगितलं, ‘खपली पचायला हलका, तो चालतो.’ नाही चालत, खपलीतही ग्लुटेन आहे. जवही नाही.

पोळपाट-लाटणं नवीन घ्या, लाकडात जुनी कणीक बसलेली असते. तवा वेगळा. घरात बाकीच्यांच्या पोळ्या होणार असतील तर त्याची भाकरी आधी करा, पिठी उडते.

काळी_माती, परभणी | ३ जुलै

गिरणीचं कुणी बोललं नाही. जात्यात गव्हाचं पीठ अडकलेलं असतं, त्यावर ज्वारी दळली की गहू आलाच की. आमच्या गिरणीवाल्याला मी तुमची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, सकाळी गिरणी उघडताना झाडून घेऊन आधी दोन-तीन किलो तांदूळ दळायचे, ते पीठ त्या पोराला द्यायचं नाही, मग त्याची ज्वारी. तरी खात्री वाटत नसेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. आठवड्याला इतकी दळणं असतील तर ती परवडते.

धाग्याच्या सुरुवातीला मी जे लिहिलं ते मागे घेतो.

निंबोणी, नागपूर | ३ जुलै

काळी_माती, दादा, हे आमच्या पुस्तकात नाही. पेशंटना सांगेन.

पाकिटातलं घेताना ग्लुटेनविरहित असा स्पष्ट उल्लेख बघा, आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत त्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेनची अट आहे. बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ असते, सुरुवातीला नकोतच. आणि चिनूची थायरॉइडची पातळी सहा-आठ आठवड्यांनी तपासा. आतडं सुधारलं की गोळी जास्त शोषली जाते, मात्रा बदलावी लागू शकते.

मांडवीकाठ, पणजी | ५ जुलै

खाण्याबरोबर धर्माचंही येतं. माझ्या भाचीला डाउन आणि सीलिअ‍ॅक दोन्ही आहे. तिच्या पहिल्या कम्युनियनच्या वेळी ओस्तीचा, म्हणजे चर्चमध्ये प्रार्थनेत देतात त्या पातळ चकतीचा प्रश्न आला. चर्चच्या नियमाने ओस्त गव्हाचीच लागते, पूर्ण ग्लुटेनविरहित चालत नाही. पण अगदी कमी ग्लुटेनची चालते, व्हॅटिकनने २००३ मध्ये तसं स्पष्ट केलंय, नाहीतर फक्त द्राक्षारस घेता येतो. आमच्या पाद्रींनी तिच्यासाठी वेगळी डबी ठेवली. तिला ती डबी ओळखू येते, दुसरीकडे हातच पुढे करत नाही.

थोरली, सातारा | ५ जुलै

आमच्याकडे सत्यनारायणाचा शिरा. नको म्हटलं की लोकांना वाटतं प्रसाद नाकारला. आता मी राजगिऱ्याचा लाडू नेते, नैवेद्यात ठेवायला लावते आणि भावाला तोच देते. उपासाचं सगळं, वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, त्याला चालतं. चतुर्थी त्याचा आवडता दिवस झालाय.

सदाफुली, ठाणे | ९ जुलै

जनुकांचा अहवाल आला, दोन्ही नाहीत. काल आठ महिन्यांनी त्याला गरम पोळी-तूप-साखरेचा रोल दिला. तीन खाल्ले. निंबोणी, तुमचे आभार कसे मानू.

रानवारा, नाशिक | २० जुलै

शाळेचं राहिलं. आमच्या मुलीचं टीटीजी वर्षभर पथ्य पाळूनही उतरेना. डबा घरचा, खाऊ घरचा. एक दिवस मी थेरपीच्या वर्गात बसलो. बोटांच्या व्यायामाला कणकेचा गोळा देतात, रंग घातलेला. माझी लेक दाबते, लांबवते, आणि मधेच बोट चाटते. हाताला लागून काही होत नाही, पोटात जाऊन होतं. बाईंना सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्गालाच तांदळाच्या पिठाचा गोळा. पुढच्या तपासणीत आकडा निम्म्यावर आला.

चिनूची_आई, पुणे | २० जुलै

रानवारा, आमच्या शाळेतही कणीकच आहे! उद्याच जाते.

चिनूची_आई, पुणे | ६ डिसेंबर

पाच महिने झाले, कळवायचं राहिलं होतं.

हिमोग्लोबिन १०.९. वजन सव्वा किलो वाढलं. थायरॉइडची मात्रा खरोखरच कमी करावी लागली, निंबोणी म्हणाल्या तसंच. बद्धकोष्ठ पूर्ण गेलं नाही, पण तीन दिवसांवरून एक दिवसाआड आलं. टीटीजी अजून मर्यादेच्या वर आहे, डॉक्टर म्हणतात वर्ष-दीड वर्ष लागेल. गणपतीत उकडीचे मोदक होते, काही अडलं नाही. दिवाळीत शंकरपाळ्यांसाठी खूप रडला, तेव्हा सासूबाईंनी तांदूळ आणि नाचणीच्या पिठाचे केले. तुटले, पण गोड होते.

सासूबाईंनी त्याच्या पोळपाटाला लाल रिबन बांधली आहे. चुकून कुणी त्यावर पोळी लाटायला घेतली की चिनूच ओरडतो, ‘माझा! लाल!’

डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांची आणि आम्हा दोघांची तपासणी सांगितली होती, जवळच्या नात्यात शक्यता जास्त असते म्हणून. आम्ही दोघं निगेटिव्ह. धाकटीचं रक्त सोमवारी आहे. तिला डाउन नाही, त्रासही काही नाही, तरी धाकधूक आहे.

आणि एक अडचण. आठवडाभराचं ज्वारीचं पीठ एकदम दळून ठेवते, चार दिवसांनी भाकरी थापताना कडा फाटतात. डब्यात नेईपर्यंत तुकडे होतात. काय करू?

काळी_माती, परभणी | ६ डिसेंबर

पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. दळण थोडं थोडं करा, चार दिवसांपेक्षा जुनं नको. तोवर आहे त्या पिठाची उकड काढा. पाणी खळखळ उकळलं की गॅस बंद करून त्यात पीठ घाला, झाकून ठेवा, कोमट झालं की हाताने खूप मळा. मग फाटणार नाही. डब्यात देताना गरम असतानाच तूप लावून घडी घाला.